वाचकांचे प्रश्न : कारखान्याची वाट पाहण्याआधी

प्रश्न : गडचिरोलीसारख्या भागात मोठा कारखाना आल्याखेरीज तरुणांना काम मिळणारच नाही का?

उत्तर : याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचा अनुभव आपण पाहावा. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती असल्याने तो हक्क बराचसा कागदावर राहिला आणि २०११ मध्ये परवाना-पुस्तक ग्रामसभेकडे आले, तेव्हा कुठे गावाला स्वतः बांबू विकता आला. म्हणजे जंगल होते, हातही होते. घोडे अडले होते ते एका पुस्तकापाशी! त्यानंतर तोडणीची मजुरी आणि विक्रीचे उत्पन्न, दोन्ही गावाच्या हाती आले.

बारमाही नोकरी मात्र यातून प्रत्येकाला मिळत नाही, कारण तोडणी हंगामी असते आणि कोवळे बांबू राखले नाहीत तर पुढील वर्षांचे उत्पन्नच खुंटते. म्हणून कच्च्या बांबूच्या विक्रीवर न थांबता त्याच्या वस्तू गावातच घडवण्याचा विचार व्हावा. तत्पूर्वी आपल्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला आहे का, याची चौकशी ग्रामसभेत करावी.