दोन बाटल्या एकदम उघड

वाइन चाखायला शिकताना आज एक बाटली, पुढच्या आठवड्यात दुसरी असं करशील तर काहीच कळणार नाही. चव आठवणीत टिकत नाही. दोन एकदम उघड. सुरुवातीला नाशिककडची शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां घे. दोन्ही पांढऱ्या, पण पहिली फळांकडे झुकणारी, दुसरीला गवताचा, ढबू मिरचीचा वास. बाटल्यांना वर्तमानपत्र दुसऱ्या कुणाकडून गुंडाळून घे. किंमत माहीत असली की जीभ खोटं बोलते, माझीसुद्धा.

गोव्यात खरी अडचण उकाड्याची. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यायची, हे विसर. मे महिन्यात म्हापशाच्या घरात ते 30 अंशांच्या वर असतं आणि रेड नुसती झोंबते. तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव.

आधी नुसती चाख, मग हुमणाबरोबर, म्हणजे माशाच्या आमटीबरोबर. तुरट रेड आणि मासळी एकत्र आली की तोंडात लोखंडाची चव येते, एकदा अनुभव घेच. आपली गोड पोर्ट वाइन मात्र बेबिंकेसाठी, म्हणजे गोव्याच्या थरांच्या गोड केकसाठी राखून ठेव.

750 मिलीची बाटली एका रात्रीत संपवायची नसते. उघडल्याबरोबर निम्मी वाइन छोट्या, स्वच्छ बाटलीत काठोकाठ भर, झाकण घट्ट लाव, फ्रिजमध्ये टाक. आत हवाच नसल्याने सोमवारची गुरुवारीही चांगली लागते.