डीपीएममधून जुन्या सर्व्हरचे डेटासोर्स पॉवरशेलने काढले, एररही आली नाही, तरी ते कन्सोलमध्ये दिसतात. असं का?

तुम्ही लिहिलंय की अकाउंट्सचा जुना सर्व्हर बंद करायचा आहे, म्हणून डेटा प्रोटेक्शन मॅनेजर (डीपीएम) या मायक्रोसॉफ्टच्या बॅकअप सॉफ्टवेअरमधल्या प्रोटेक्शन ग्रुपमधून, म्हणजे एकत्र बॅकअप होणाऱ्यांच्या गटातून, त्याचे डेटासोर्स (बॅकअप होणारे ड्राईव्ह, डेटाबेस वगैरे) 'रिमूव्ह-डीपीएमचाइल्डडेटासोर्स' या कमांडने काढले, आणि कन्सोल उघडून पाहिलं तर सगळे जागच्या जागी. पुढची कुठलीही कमांड देण्याआधी थोडं थांबा. तुमचं काम अर्धवट राहिलंय, आणि ते राहिलं हे फार बरं झालं.

पॉवरशेलमधून, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीतून, ग्रुपला थेट हात लावता येत नाही. 'गेट-डीपीएममॉडिफायेबलप्रोटेक्शनग्रुप' ही कमांड ग्रुपची एक प्रत बदल करण्यासाठी तुमच्या हाती देते. रिमूव्हची कमांड त्या प्रतीतून नावं खोडते. खऱ्या ग्रुपवर हा बदल उतरतो तो 'सेट-डीपीएमप्रोटेक्शनग्रुप' दिल्यावरच. ती तुम्ही दिलेली नाही, म्हणून काहीच झालेलं नाही. पॉवरशेलची खिडकी बंद करा, ती प्रत तिच्याबरोबर जाईल.

बरं झालं म्हणालो ते यासाठी की तुम्ही दिलेल्या ओळीत 'कीपडिस्कडेटा' हा स्विच, म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय, नाही. तो न देता सेट केलं असतं तर संरक्षण थांबलं असतंच, शिवाय डिस्कवरचे जुने रिकव्हरी पॉइंटही (ज्यातून डेटा परत काढता येतो त्या प्रती) गेले असते. संरक्षण थांबवणं आणि जुना बॅकअप पुसणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. एका ओळीत दोन्ही होऊन जातात, तिथेच घात होतो.

माझ्या हातून तो झालाय. आमच्या बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बॅकअप पाहायचो. तिथे नवा सर्व्हर आला, चालू वर्षाचा हिशेब त्यावर नेला आणि जुना मी ग्रुपमधून काढला, स्विच न देता. जुन्या वर्षांची फोल्डरं नव्या सर्व्हरवर गेलेलीच नव्हती, हे ऑडिटरने मागची व्हाउचरं मागितली तेव्हा कळलं. तोवर जुन्या मशीनच्या डिस्कही फॉरमॅट झाल्या होत्या. एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर बराचसा भाग मिळाला, पण चार महिन्यांच्या नोंदी मिळाल्या नाहीत. हिशेबनीस काकांनी कागदी व्हाउचरं काढून त्या पुन्हा भरल्या. मी रोज संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरी जाण्याआधी दोन तास त्यांच्याशेजारी बसून आकडे वाचून दाखवायचो. त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि ते मला आजही लागतं.

म्हणून, सर्व्हर अकाउंट्सचा आहे तर आधी हिशेब पाहणाऱ्यांना विचारा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं किमान ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. तेव्हा नव्या सर्व्हरचा रोजचा बॅकअप सुरू झालाय आणि त्यातून एखादी जुनी फाईल प्रत्यक्ष परत काढून उघडली आहे, हे झाल्याशिवाय जुन्याला हात लावू नका.

आता योग्य क्रम. (नावं देवनागरीत लिहितोय. टाईप करताना पहिली काही अक्षरं देऊन टॅब दाबा, बाकीचं पॉवरशेल भरतं.) आधी 'गेट-डीपीएमप्रोटेक्शनग्रुप'ने ग्रुप घ्या, मग 'गेट-डीपीएमडेटासोर्स'ने त्यातले सगळे सोर्स, आणि ती यादी एका टेक्स्ट फाईलमध्ये उतरवून ठेवा. यादी गाळताना फक्त डेटासोर्सच्या नावावर जाऊ नका. सी ड्राईव्ह प्रत्येक मशीनवर असतो, मास्टर आणि एमएसडीबी हे डेटाबेस प्रत्येक एसक्यूएल सर्व्हरवर असतात. नुसत्या नावाने गाळलंत तर चालू सर्व्हरचेही सोर्स जाळ्यात येतील. सर्व्हरचं नावही जुळवा, आणि किती सोर्स उरले ते मोजून, स्क्रीनवर वाचून पाहा. इथे घाई नकोच.

मग ग्रुपची बदलण्याजोगी प्रत घ्या, एकेका सोर्सवर रिमूव्हची कमांड 'कीपडिस्कडेटा'सह चालवा आणि शेवटी एकदाच सेट करा. एक प्रत ॲझ्युअरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) जात असेल तर तिच्यासाठी 'कीपऑनलाइनडेटा' हा वेगळा स्विच आहे, डिस्कचा स्विच तिला वाचवत नाही. हे चालू असताना दुसऱ्या कुणाच्या कन्सोलमध्ये तोच ग्रुप बदलण्यासाठी उघडा नको.

आता सोर्स सक्रिय यादीतून जातील आणि इनॲक्टिव्ह प्रोटेक्शनखाली दिसतील. नवा बॅकअप होणार नाही, जुन्यातून रिकव्हरी मात्र करता येईल. डिस्कची जागा मोकळी होणार नाही. त्यावरून साहेब विचारतील, तेव्हा वरची ८ वर्षं सांगा. मुदत संपली, हिशेबवाल्यांनी लेखी दिलं, की मग 'गेट-डीपीएमडेटासोर्स' इनॲक्टिव्ह स्विचसह चालवून ते शोधा आणि 'रिमूव्ह-डीपीएमडेटासोर्सरेप्लिका'ला डिस्क हा स्विच देऊन पुसा. ते परत येत नाहीत.

जुनं मशीन आधीच बंद पडलं असेल तर कन्सोलमधून एजंट (त्या मशीनवर बसवलेला डीपीएमचा छोटा प्रोग्रॅम) अनइन्स्टॉल होत नाही, कारण बोलायला पलीकडे कुणी नसतं. त्यासाठी डीपीएमसोबतच 'रिमूव्ह-प्रॉडक्शनसर्व्हर' ही स्क्रिप्ट येते, ती सर्व्हरची नोंद काढते. पण त्याचे सगळे सोर्स ग्रुपमधून निघाल्यावरच चालवा.

सेट करण्याआधी गाळलेली यादी, सर्व्हरची खरी नावं बदलून, इथे टाकलीत तर मी नजर टाकीन. आज रात्री मी जागाच आहे.