वॉवमध्ये नवं एक्सपान्शन आलं की नेमकं काय बदलतं? लिच किंगच्या काळात सोडून आता परतणाऱ्यासाठी उत्तर

विचारणारे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले आहेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, म्हणजे आपलं वॉव, हजारोंनी मिळून खेळायचा ऑनलाइन खेळ. तो त्यांनी २०१० मध्ये, लिच किंग एक्सपान्शनच्या काळात, ८० लेव्हलवर सोडला. आता मित्र परत ओढतोय. त्यांचा प्रश्न असा, की दर दोन वर्षांनी एक्सपान्शन (खेळाचा विकत घ्यायचा नवा भाग) येतं त्यात काय बदलतं, जुनं कमावलेलं वाया जातं का, आणि पैसे कधी घालायचे?

आधी वाया जाण्याचं बघू, कारण धास्ती त्याचीच असते. गियर, म्हणजे हत्यारं आणि चिलखत, वाया जातं. सगळं, आणि दर वेळी. तुमच्या काळात आइसक्राउनच्या पंचवीस जणांच्या हिरोइक, म्हणजे जास्त अवघड, रेडमध्ये (मोठ्या गटाच्या मोहिमेत) खुद्द लिच किंगला पाडलं तर २८४ आयटम लेव्हलचं (वस्तूच्या ताकदीचा आकडा) हत्यार मिळायचं. डिसेंबर २०१० मध्ये कॅटाक्लिझम आलं आणि पाच जणांच्या हिरोइक डंजनमधून ३४६ चं गियर पडायला लागलं. ज्या तलवारीसाठी पंचवीस माणसं रात्री जागवत होती, ती महिन्याभरात बँकेत जाऊन पडली. वाईट वाटतं, पण याशिवाय चालत नाही. तसं केलं नाही तर नव्याने येणारा कधीच बरोबरीला येणार नाही. गेल्या हंगामात जिंकलेली गदा घरी भिंतीला टेकून ठेवायची, खासबागेच्या कुस्ती मैदानात नव्या जोडीला लांग लावूनच उतरायचं, तसंच हे.

जे टिकतं ते मात्र बरंच आहे. माउंट (स्वारीची जनावरं), पेट, टायटल, अचिव्हमेंट, सोनं, सगळं जिथल्या तिथे सापडेल. माउंट तर २०१२ पासून एका कॅरेक्टरचे न राहता सगळ्या अकाउंटचे झाले. जुन्या गियरचं रूप नव्या गियरवर चढवता येतं (ट्रान्समॉग, २०११ च्या शेवटी आलं), म्हणून बँकेतला तो जुना सेट विकू नका. २०२४ च्या द वॉर विदिन या एक्सपान्शनमध्ये वॉरबँड आला. त्यामुळे एकाच अकाउंटच्या कॅरेक्टर्सना सामाईक बँक मिळाली आणि बऱ्याच रेप्युटेशनही (खेळातल्या गटांकडे कमावलेली पत) सामाईक झाल्या.

दोन गोष्टी बघून मात्र दचकाल. लॉगिन केल्यावर तुमचं ८० चं कॅरेक्टर ८० चं दिसणार नाही. २०२० मध्ये शॅडोलँड्स एक्सपान्शनच्या आधी सगळ्यांच्या लेव्हल दाबल्या, तेव्हा १२० वाला ५० वर आला, आणि तुमचं त्याच प्रमाणात खाली गेलं. चोरी वगैरे झालेली नाही. दुसरं म्हणजे प्रोफेशन, कॅरेक्टरचा धंदा. तुमचं ४५० चं ब्लॅकस्मिथिंग आता ३००, ७५ आणि ७५ असं तुकड्यांत दिसेल: जुन्या जगाचं, आउटलँडचं, नॉर्थरेंडचं. २०१८ पासून प्रत्येक एक्सपान्शनचं प्रोफेशन वेगळं मोजतात आणि नवं थेट १ पासून सुरू करता येतं. मधली सात-आठ एक्सपान्शनं भरून काढत बसायची गरज नाही. परत आलेले लोक इथेच आठवडा घालवतात आणि कंटाळून निघून जातात.

आता मुख्य प्रश्न, चांगलं एक्सपान्शन कुठलं आणि वाईट कुठलं. माझं माप असं: जाताना मागे काय ठेवून गेलं ते बघायचं. प्रत्येक एक्सपान्शन काही वस्तू कायमच्या देतं आणि काही दोन वर्षांच्या उसन्या देतं. उसनं जितकं जास्त, तितकं शेवटी पोट दुखतं.

२०१६ चं लीजन हे त्याचं उत्तम उदाहरण, दोन्ही बाजूंनी. ३६ स्पेशलायझेशन (क्लासचे, म्हणजे कॅरेक्टरच्या प्रकारांचे, उपप्रकार) होती, प्रत्येकाला स्वतःचं आर्टिफॅक्ट हत्यार आणि त्याची स्वतःची कथा मिळाली. खेळायला लय भारी. पण त्या हत्यारात आर्टिफॅक्ट पॉवर ओतत राहायची, आणि ती कधी संपायची नाही. दुसरं स्पेशलायझेशन खेळावंसं वाटलं की तिथलं हत्यार मागे पडलेलं. त्यावर लेजंडरी वस्तू नशिबाने पडायच्या. एकाला डॅमेज वाढवणारी मिळायची, दुसऱ्याला नुसती पळायचा वेग देणारी, आणि सुरुवातीला निवडायची सोयच नव्हती. त्यातलं टिकलं काय? मिथिक प्लस डंजन. किल्ली, घड्याळ, पाच जण, आणि पार केलं की पुढची किल्ली अवघड. तो प्रकार आजही खेळाचा एक पाय आहे. वर्ल्ड क्वेस्टही (नकाशावर बदलत राहणारी छोटी कामं) तेव्हाच आल्या.

खरी गोची एक्सपान्शन संपल्यावर झाली. क्लासची निम्मी मजा त्या हत्यारात भरलेली होती. २०१८ मध्ये बॅटल फॉर अझरॉथ आलं, हत्यार काढून घेतलं, आणि खाली क्लास पोकळ उरला. शामन आणि शॅडो प्रीस्ट खेळणाऱ्यांना त्याचा चटका जास्त बसला. बदल्यात गळ्यात हार्ट ऑफ अझरॉथ नावाचा दागिना आला. त्याची लेव्हल वाढवली तरच अझराइट गियरमधले गुण उघडायचे. म्हणजे नवा, जास्त आयटम लेव्हलचा शिरस्त्राणाचा तुकडा मिळाला तरी दागिन्याची लेव्हल कमी पडली की तो घातल्यावर तुम्ही आधीपेक्षा कमजोर व्हायचा. बक्षीस मिळालं आणि ते बॅगेत ठेवावं लागलं, यापेक्षा वाईट रचना मला तरी सुचत नाही.

तिसऱ्यांदा तीच चूक २०२० च्या शॅडोलँड्समध्ये झाली. चार कॉव्हनंट (खेळातले गट), त्यातलं एक निवडायचं. कथेपुरतं असतं तर कुणाची तक्रार नव्हती, पण प्रत्येक कॉव्हनंटची ताकद वेगळी. एक रेडला बरं, दुसरं मिथिक प्लसला बरं, आणि बदलायचं तर अडथळे. वर पहिला मोठा पॅच (खेळातली नवी भर) यायला नोव्हेंबर २०२० पासून जून २०२१ उजाडला. कॉव्हनंट मोकळेपणाने बदलायची परवानगी दिली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये, तोवर अर्धी गिल्ड (एकत्र खेळणाऱ्यांची टोळी) गेलेली.

२०२२ च्या ड्रॅगनफ्लाइटने हा उसनवारीचा प्रकार बंद केला. टॅलेंट ट्री (क्लासचे गुण निवडायचे तक्ते) परत आल्या, म्हणजे ताकद पुन्हा क्लासमध्ये आली. दर दोनेक महिन्यांनी काहीतरी नवं यायला लागलं. आणि उडणं! ते पूर्वी तुम्ही सोन्याने विकत घ्यायचा. वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रीनॉर एक्सपान्शनपासून पुढे ते महिनोन्‌महिने अडवून ठेवायचे. इथे पहिल्या तासाभरात ड्रॅगन मिळाला, वेग आणि सूर मारण्याचं खरं कसब असलेला. पुढच्या एक्सपान्शनने तो टाकून न देता बाकीच्या कितीतरी माउंटनाही लागू केला. माझ्या मापाने हे उत्तम.

सोय करताना काय मोडतं तेही सांगायला हवं. डंजन फाइंडर डिसेंबर २००९ मध्ये तुमच्या डोळ्यांदेखत आला. आधी टँक (शत्रूचा मार झेलणारा) शोधायला तासभर ओरडावं लागायचं, नंतर बटण दाबलं की ग्रुप तयार, अगदी डंजनच्या दारात. पण आधी सर्व्हरवर माणूस ओळखीचा होता. लूट चोरणाऱ्याची बदनामी व्हायची, तालमीत जशी एकदा झाली की पेठभर होते. फाइंडरनंतर चार अनोळखी लोक, ‘नमस्कार’ नाही की ‘येतो’ नाही. २०११ चा रेड फाइंडर त्याच वाटेने आणखी पुढे गेला. ही सोय परत काढून घेणं कुणालाच जमलेलं नाही. माझ्या मते काढूही नये, फक्त तिच्यातून दोस्ती होईल अशी आशा ठेवू नये. त्यासाठी गिल्डच लागते.

कॅटाक्लिझमने तर जुनं जगच फोडलं आणि जुन्या क्वेस्ट कायमच्या गेल्या. म्हणूनच २०१९ मध्ये वॉव क्लासिक, म्हणजे जुन्या रूपातलं वॉव, वेगळं काढावं लागलं. तुम्हाला तुमचा लिच किंगच हवा असेल तर त्याचं क्लासिक रूप सप्टेंबर २०२२ मध्ये आलं होतं, पण ते सर्व्हर मे २०२४ मध्ये कॅटाक्लिझमकडे सरकले. तिथेही काळ थांबत नाही.

पैसे कधी घालायचे, हे दुष्काळावर ठरतं. एक्सपान्शनचा शेवटचा रेड आला की पुढच्यापर्यंत काही येत नाही. सीज ऑफ ऑर्गरिमार सप्टेंबर २०१३ पासून नोव्हेंबर २०१४ पर्यंत चालला, हेलफायर सिटाडेल जून २०१५ पासून ऑगस्ट २०१६ पर्यंत. दोन्ही वेळा १४ महिने तीच भिंत. वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रीनॉरमध्ये सुरुवातीला १ कोटी सबस्क्राइबर होते, २०१५ च्या मध्याला ५६ लाख उरले. त्या एक्सपान्शनच्या पहिल्या मोठ्या पॅचमध्ये लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर सेल्फी कॅमेरा आणि ट्विटरची जोडणी. सगळे आपापल्या गॅरिसनमध्ये (खासगी तळावर) बसून नोकरांना कामाला धाडत होते, बाहेर रस्ता ओस.

म्हणून रेडिंग आणि मिथिक प्लस करायचं असेल तर सीझन सुरू व्हायच्या वेळी या. लाँचनंतर पहिला सीझन साधारण दोन आठवड्यांनी सुरू होतो (द वॉर विदिन २६ ऑगस्ट २०२४ ला आलं, सीझन १० सप्टेंबरला). त्यात कॅरेक्टर वर नेता येतं. सीझनच्या मध्यात आलात तरी चालतं, मागे राहिलेल्यांसाठी गियर मिळवायची सोय असते. शेवटच्या सीझनच्या शेपटाला मात्र गियरसाठी घाम गाळू नका, पुढच्या लाँचला ते क्वेस्टच्या बक्षिसासमोर हरेल. नुसती कथा आणि प्रदेश बघायचे असतील तर उलट तोच दुष्काळ बरा, सगळं पूर्ण आणि सोपं झालेलं असतं. मासिक वर्गणीत सगळ्यात नवं सोडून आधीची सगळी एक्सपान्शनं येतात, क्लासिकही येतं. २० लेव्हलपर्यंत तर फुकट आहे. पहिल्या दिवशी आगाऊ नोंदणी करून महागडी आवृत्ती घेऊ नका.

लाँचच्या आधी काही आठवडे प्री-पॅच येतो, आणि बहुतेक मोडतोड तेव्हाच होते. टॅलेंट पुसले जातात, अ‍ॅडऑन (खेळाला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बंद पडतात, पडद्यावर एररचा पाऊस. तुमच्याकडे २०१० चं फोल्डर अजून असेल तर ते वापरूच नका, नवीन डाउनलोड करा. नेहमी खेळणाऱ्याने गेम पूर्ण बंद करून, रिटेलच्या (क्लासिक नव्हे, चालू खेळाच्या) फोल्डरमधली इंटरफेस आणि डब्ल्यूटीएफ ही दोन फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवावीत, कॅश फोल्डर उडवावं, आणि मग अ‍ॅडऑन एकेक करून परत घालावेत. सगळे एकदम घातले तर कुठला बिघडलाय ते कळत नाही. जुन्या औषधी वनस्पती, पोशन, रेडचं खाणं प्री-पॅचच्या आधीच लिलावघरात विकून टाका. लाँचनंतर त्यांना कुणी विचारत नाही.

दुसरे खेळ बघणार असाल तर थोडक्यात. गिल्ड वॉर्स २ मध्ये मासिक वर्गणी नाही. २०१२ पासून लेव्हल ८० वरच थांबली आहे, आणि तेव्हाचं सगळ्यात वरचं असेंडेड गियर आजही चालतं. वर्षभर गायब होणाऱ्या नोकरदार माणसाला हे सोयीचं. अडचण अशी की तिथे ताकद आडवी वाढते, म्हणजे आकडे न वाढता नवे पर्याय येतात. २०१५ च्या हार्ट ऑफ थॉर्न्सने एलिट स्पेशलायझेशन आणली आणि ती जुन्यांना सरळ भारी पडली. सुरुवातीला त्यासाठी ४०० हिरो पॉइंट लागायचे, ओरड झाल्यावर २५० केले. फायनल फँटसी १४ मध्ये कथा क्रमानेच खेळावी लागते, मधलं एक्सपान्शन गाळून मित्रापर्यंत पोहोचता येत नाही (कथा ओलांडायची सोय वेगळी विकत घेतली तरच). मात्र त्याची फुकट चाचणी ७० लेव्हलपर्यंत, म्हणजे स्टॉर्मब्लड एक्सपान्शनसकट आहे. डिसेंबर २०२१ च्या एंडवॉकर एक्सपान्शनला गर्दी इतकी झाली की कंपनीने खेळाची विक्रीच काही काळ थांबवली. लाँचच्या आठवड्यात रजा टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोल्हापुरातून खेळायचं म्हणजे वॉवचा सर्व्हर भारतात नाही हे गृहीत धरा. बहुतेक जण युरोप घेतात. तिथल्या रात्री ८ च्या रेडला आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा वाजतात आणि उन्हाळ्यात साडेअकरा. सकाळी शिरोलीला कारखान्यात पाळी असेल तर अशा गिल्डला हो म्हणू नका, शनिवार-रविवारी दुपारी खेळणारी शोधा. द वॉर विदिनचं लाँचही आपल्या पहाटे साडेतीनला होतं. हार्ड डिस्कवर चालवू नका, एसएसडीच घ्या आणि सव्वाशे जीबी मोकळी ठेवा. हार्ड डिस्कवर रेडचा बॉस सुरू झाला तरी तुमचा पडदा लोडच होत असतो. आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात लाइट गेली की पीसी इन्व्हर्टरवर राहतो पण राउटर बंद पडतो. राउटर आणि फायबरचा डबा दोन्हींना छोटा डीसी यूपीएस लावा, व्होल्टेज अडॅप्टरवर वाचून घ्या. मिथिक प्लसमध्ये तुम्ही बाहेर फेकले गेलात तरी घड्याळ थांबत नाही आणि तुमच्या जागी दुसरा घेता येत नाही. बाकी चौघांची किल्ली वाया गेली की पुढच्या वेळी आमंत्रण येत नाही, मग तुमचं गियर कितीही चांगलं असो.