सेंद्रिय सौर सेल : दोष उष्णतेचा की प्रकाशाचा?

प्रश्न : पी३एचटी (प्रकाश शोषणारे पॉलिमर) आणि पीसीबीएम (इलेक्ट्रॉन स्वीकारणारा फुलरीन रेणू) यांच्या मिश्रणाचा सेल १४० अंश सेल्सिअसला १० मिनिटे तापवला की प्रवाह वाढतो, रात्रभर ठेवला तर घटतो. उन्हातही तो उतरतो. असे का?

उत्तर : पहिल्या १० मिनिटांत पी३एचटीच्या साखळ्या नीट रचल्या जातात, म्हणून प्रवाह वाढतो. पण पीसीबीएमचे रेणू सरकतच राहतात आणि त्यांचे मोठे स्फटिक बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते सुयांसारखे स्पष्ट दिसतात. मग दोन पदार्थांची सीमा दूर जाते. एक्सिटॉन (प्रकाशाने बनलेली इलेक्ट्रॉन आणि धन होल यांची जोडी) या सीमेवर फुटला तरच प्रवाह मिळतो; पण तो जेमतेम १० नॅनोमीटर सरकतो आणि तिथे पोहोचण्याआधीच विझतो.

उन्हात मात्र थराचा जांभळा रंग फिका पडला का, ते आधी पाहा. पडला असेल तर प्रकाश आणि प्राणवायू मिळून साखळी तोडत आहेत. सेल नायट्रोजनमध्येच काच आणि इपॉक्सीने सीलबंद करा, वर ४०० नॅनोमीटरखालचे किरण अडवणारा फिल्टर लावा.

दोष उष्णतेचा की प्रकाशाचा, याच्या खात्रीसाठी चार नमुने लागतील : अंधारात २५ आणि ८५ अंशांवर, तसेच प्रकाशात त्याच दोन तापमानांवर. दिव्याखाली सेल स्वतःच तापतो, म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सेलच्या पाठीलाच चिकटवा. खोलीचे तापमान नोंदवून इथे हमखास फसगत होते.