नाकातून परागकण देण्याच्या उपचाराचा गुण किती काळ टिकतो?

भाऊ, सप्टेंबर लागला की मुलीला शिंकांवर शिंका येतात, चाचणीत गाजर गवताची ॲलर्जी निघाली आहे, तर नाकातून परागकणांचाच अंश देण्याच्या उपचाराने कायमचा गुण येईल का, असे आपण विचारले आहे. अमळनेर तालुक्यात शेती करताना हाच त्रास मी बारा वर्षे काढला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्याची ॲलर्जी आहे त्याचाच अंश हळूहळू वाढवत देऊन शरीराला त्याची सवय लावणे, याला इम्युनोथेरपी म्हणतात; नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा म्हणजे इम्युनोथेरपी नव्हे. त्याने सूज उतरते, पण ॲलर्जी तशीच राहते. नाकातील इम्युनोथेरपीत परागकणांचा अर्क किंवा भुकटी वाढत्या मात्रेने नाकपुडीत सोडतात. १९९०च्या दशकात इटलीत यावर बरेच काम झाले. भुकटी श्वासनलिकेत उतरू नये म्हणून ती सोडताना रुग्णाला मोठ्याने उच्चार करायला लावत, कारण बोलताना श्वास बाहेर पडतो. नाकाचा त्रास त्याने कमी होई, हे खरे. परंतु औषधानेच शिंका सुटत, त्यासाठी आधी दुसरे औषध नाकात घ्यावे लागे, आणि उपचार थांबवल्यावरही गुण टिकतो याचा भक्कम पुरावा पुढे आला नाही. जिभेखालचे थेंब आणि गोळ्या आल्यावर ही पद्धत मागे पडली.

टिकाऊ गुणाचा आधार इंजेक्शनांना आणि जिभेखालच्या औषधाला आहे, तोही पूर्ण मुदतीचा. गवताच्या परागकणांची इंजेक्शने तीन-चार वर्षे घेतलेल्यांना ती बंद केल्यावर पुढे तीन वर्षे आराम राहिल्याचे १९९९ साली दिसले. उलट २०१७ च्या अभ्यासात दोनच वर्षे उपचार घेतलेल्यांचा फायदा तिसऱ्या वर्षी उरला नाही. हे अभ्यास खऱ्या गवतांवरचे आहेत, आणि गाजर गवत नावाने गवत असले तरी सूर्यफुलाच्या कुळातले आहे, हे ध्यानात ठेवूनच त्यांच्याकडे पाहावे.

मी तीन वर्षे इंजेक्शने घेतली. प्रत्येक वेळी दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसवून ठेवत. एकदा दंडावर लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा डॉक्टरांनी पुढची मात्रा कमी केली. दुसऱ्या वर्षी बरे वाटू लागल्यावर सोडून द्यावे असे फार मनात आले होते, आणि तेव्हा सोडले नाही याचे आज समाधान आहे.

मुलीला रात्री खोकला येत असेल किंवा श्वास घेताना छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर आधी दम्याची तपासणी करून घ्या. दमा आटोक्यात नसताना ही इंजेक्शने सुरू करत नाहीत. बांधावरचे गाजर गवत फुलोऱ्यावर येण्याआधीच उपटून घ्या, मात्र त्या कामाला मुलीला नेऊ नका.