सही झाली त्या दिवशी नोंदणी चालू होती का?

प्रश्न: म्हापशातील आमच्या सोसायटीत २४ फ्लॅट आहेत. इमारत तीस वर्षांपूर्वीची. गेल्या पावसात दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीचा खालचा भाग कोसळला आणि गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या. पालिकेने नोटीस देऊन स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचा, म्हणजे इमारतीचा सांगाडा सुरक्षित असल्याचा, दाखला मागितला. आम्ही लेटरहेडवर ‘सरकारमान्य बिल्डिंग अँड सेफ्टी इन्स्पेक्टर’ असे लिहिणाऱ्या एका गृहस्थांकडून तपासणी करून घेतली आणि त्यांचा दाखला पालिकेला दिला. आता पालिकेने तो परत पाठवला आहे. सहीच्या तारखेला त्यांची नगरनियोजन खात्याकडची नोंदणी संपलेली होती, असे कारण दिले आहे. ते म्हणतात, नूतनीकरणाचा अर्ज केलेला आहे, थोडे थांबा. नाहीतर नोंदणी चालू होती तेव्हाची तारीख घालून नवा दाखला देतो. आम्ही काय करावे?
— सचिव, गृहनिर्माण सोसायटी

जुनी तारीख घातलेला दाखला घेऊ नका. आजपर्यंत जे झाले त्यात चूक सही करणाऱ्याची आहे. पण नोंदणी संपलेली होती हे आता तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक असताना मागची तारीख घातलेला कागद सोसायटीच्या शिक्क्यानिशी पालिकेत दिलात, तर बनावट कागद खरा म्हणून वापरल्याचा आरोप तुमच्यावरही येऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत त्याला कागद बनवणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. सचिव म्हणून सही तुमची जाणार, २४ फ्लॅटवाल्यांची नाही.

तुमच्यासारखी पत्रे मडगावहून येतात, फोंड्याहून येतात, वास्कोहूनही येतात. प्रत्येकाला विचारायचे असते की दाखला खरा की खोटा, तपासणी नीट झाली की नाही, पैसे परत मिळतील का. तुमच्या प्रकरणाचा निकाल मात्र एकाच वाक्यावर लागतो आणि ते वाक्य तुम्ही पाठवलेल्या नोटिशीच्या प्रतीतच आहे: दाखला ‘नोंदणीकृत स्ट्रक्चरल अभियंत्याचा’ हवा. म्हणजे सही करणारा त्या दिवशी नोंदणीकृत असला पाहिजे, तोही स्ट्रक्चरल अभियंता म्हणून. यातली एक गोष्ट जरी नसली, तरी अहवाल कितीही चांगला असो, पालिकेला तो परत करण्याचा अधिकार आहे. पालिकेच्या इंजिनिअरनी तेच केले. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नका.

‘सरकारमान्य बिल्डिंग इन्स्पेक्टर’ नावाचा परवाना गोव्यात खासगी माणसाला कोणी देत नाही. कायद्यातला इन्स्पेक्टर सरकार नेमते: कारखान्यांसाठी तो २०२५पर्यंत १९४८च्या कारखाने कायद्याखाली नेमला जाई, विजेसाठी २००३च्या वीज कायद्याखाली नेमला जातो. पालिकेचा इंजिनिअर तुमची इमारत पाहायला येतो तो सरकारी नोकर म्हणून. खासगी व्यावसायिकाची पात्रता वेगळ्या वाटेने ठरते. वकिलांसाठी १९६१चा कायदा आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२चा आहे. अभियंत्यांना व्यवसायाचा परवाना देणारा तसा केंद्रीय कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही. म्हणून इथे दार एकच: ‘गोवा भूमी विकास आणि बांधकाम विनियम, २०१०’ यांच्याखाली नगरनियोजन खात्याकडे झालेली नोंदणी. तिचा क्रमांकच पुष्कळ सांगून जातो. ‘एसई’ने सुरू होणारा क्रमांक स्ट्रक्चरल अभियंत्याचा, ‘ईआर’ने सुरू होणारा अभियंत्याचा. तुम्ही पाठवलेल्या लेटरहेडवर यातला एकही क्रमांक नाही. ‘चार्टर्ड इंजिनिअर’ असे लिहिले आहे. तो मान अभियंत्यांची संस्था देते आणि तो मोलाचा आहे, पण तो म्हणजे खात्याची नोंदणी नव्हे. वास्तुविशारदाची सहीसुद्धा स्ट्रक्चरल दाखल्याला चालत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचे पत्र बहुधा त्याबद्दलच येईल.

नोंदणीची प्रत आणि तिची शेवटची तारीख, एवढेच मागायचे होते. फ्लॅट विकत घेताना तुम्ही ऑक्युपन्सीचा, म्हणजे राहण्यास परवानगीचा, दाखला मागता, गाडी विकत घेताना विमा पाहता. जिच्याखाली मुलेबाळे झोपतात त्या स्लॅबचा दाखला घेताना लेटरहेडवर विश्वास ठेवलात. काणकोणला चावडी नावाच्या भागात ४ जानेवारी २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ३०हून अधिक माणसे गेली. त्यानंतरही आपल्या सोसायट्या दाखल्याकडे पालिकेचे तोंड बंद करायचा कागद म्हणून पाहतात, याचा मला राग येतो. तो तुमच्या एकट्यावर नाही, पण तुम्हीही त्यातून सुटत नाही.

आता नूतनीकरणाबद्दल. खात्याने उद्या त्यांची नोंदणी पुन्हा चालू केली आणि ती आधीच्या तारखेपासून धरली, तर जुना दाखला वाचेल का? ते नूतनीकरणाच्या आदेशातल्या शब्दांवर अवलंबून राहील आणि तो आदेश अजून निघालेला नाही. वाचेल असे मी म्हणणार नाही, वाचणारच नाही असेही नाही. पण त्याची वाट पाहू नका. नोटिशीची मुदत १५ दिवसांची होती आणि तुमच्या पत्रावरची तारीख पाहता ती केव्हाच उलटली आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज करून नोंदणीची स्थिती विचारावी, असे समितीतल्या कोणीतरी सुचवल्याचे तुम्ही लिहिता. त्याला उत्तर द्यायला कायदा ३० दिवस देतो. पुढे पैसे परत मागण्याचा दावा करताना तो कागद उपयोगी पडेल, म्हणून अर्ज करा, पण नोटिशीचे उत्तर त्यावर अडवू नका.

उत्तर या आठवड्यातच द्या. आधीचा दाखला आम्ही मागे घेत आहोत, ‘एसई’ नोंदणी चालू असलेल्या अभियंत्याची नेमणूक केली आहे, त्याच्या नोंदणीची प्रत सोबत जोडली आहे, आणि अमुक तारखेपर्यंत मुदत वाढवून द्यावी, एवढेच लिहा. जुन्या गृहस्थांविषयी तक्रारीचा सूर त्या पत्रात नको. पुढे काही झालेच, तर सोसायटीने वेळेवर काय केले हे याच पत्रावरून दिसणार आहे. बाल्कनीला टेकू लावून, खालची पार्किंगची जागा बंद करून फोटो जोडा. समितीचा ठरावही जोडा. नोटीस पालिका कायद्याखाली आहे की जिल्हाधिकाऱ्यांनी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली दुसरी काढली आहे, ते मात्र नीट पाहून घ्या. दुसरी असेल तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येत नाही, पर्वरीला उच्च न्यायालयातच जावे लागते, आणि मग मुदत चुकवणे फार महागात पडते.

आधीची तपासणी पूर्ण वाया गेली असे नाही. काँक्रीटचे गाभे काढून प्रयोगशाळेत दिले असतील, हॅमर किंवा अल्ट्रासॉनिक चाचणी झाली असेल, तर ते मूळ अहवाल नव्या अभियंत्याला दाखवा. ते वापरायचे की नाही ते त्याने ठरवावे. पण त्याने स्वतः जागेवर येऊन पाहिल्याशिवाय सही करू नये, आणि न पाहता सही करण्याचा आग्रह तुम्हीही धरू नये. म्हापसा काही समुद्रकिनाऱ्यावर नाही, पण तिथल्या दमट हवेत आणि आपल्या पावसात तीस वर्षांची सळई किती उरली आहे, हे बाहेरून कळत नाही.

जुन्या गृहस्थांना दिलेल्या फीचे पैसे परत मिळवण्यासाठी ग्राहक आयोगात जाता येईल. सहकारी सोसायटीही तक्रारदार होऊ शकते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे आणि फीची रक्कम पाहता प्रकरण जिल्हा आयोगातच राहील. तुमची बाजू मला भक्कम वाटते, कारण लेटरहेडवरचा दावाच त्यांच्याविरुद्ध बोलतो. पण कायद्यात तीन महिन्यांत निकाल लिहिला आहे म्हणून तीन महिन्यांचा हिशेब धरू नका. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि तोवर दोन पावसाळे निघून जातात. दुरुस्तीचा खर्च त्या निकालावर टांगून ठेवू नका. बिल्डरकडून काही मिळेल का, असेही विचारले आहे. रेरात, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्यात, बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे आहे. तुमच्या इमारतीला तो रस्ता नाही.

नवा दाखला आला की आधी सहीची तारीख आणि नोंदणीची शेवटची तारीख शेजारी शेजारी ठेवून स्वतः वाचा. मग पालिकेच्या आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या आणि ती प्रत सोसायटीच्या फाइलला लावा. जुन्या गृहस्थांचा दाखला फाडू नका. ग्राहक आयोगात तोच तुमचा पुरावा आहे.