वाचकांचे प्रश्न : घड्याळ मोजतं किती आणि ताडतं किती?

प्रश्न : ताई, माझं वय ४६. आठ महिन्यांपासून आठवड्यातले चार दिवस पळते. फोन दंडाला बांधून पळायचा आता कंटाळा आलाय, पळताना आकडे दिसतच नाहीत. पहिली हाफ मॅरेथॉन तीन महिन्यांवर आली आहे आणि मुलगा जीपीएसवालं घड्याळ घेऊन देतोय. पण एका गोष्टीने मी गोंधळले आहे. मैत्रीण आणि मी अगदी सोबत पळतो, तरी तिच्या घड्याळात १०.२ किलोमीटर आणि माझ्या फोनवर ९.८. खरं कुणाचं? आणि मी कोणतं घड्याळ घेऊ?

उत्तर : खरं दोघींचंही नाही, आणि बिघाड दोन्हींतही नाही. तुम्ही विचारलेला हा फरक नीट समजून घेतलात तर घड्याळ निवडणं निम्मं सोपं होईल, म्हणून आधी त्याचंच सांगते.

तुम्ही किती पळलात हे घड्याळाला थेट कळत नाही. त्याला मोजता येतो तो वेळ. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह सतत आपापली अचूक वेळ खाली पाठवत असतात. तो सिग्नल पोचायला किती वेळ लागला, यावरून तो उपग्रह किती लांब आहे ते काढायचं. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. म्हणजे वेळेत सेकंदाचा दहा लाखावा हिस्सा चुकला तरी अंतर ३०० मीटरने चुकलं. म्हणून किमान ४ उपग्रह लागतात : तीन तुमची जागा ठरवायला आणि चौथा घड्याळाची स्वतःची वेळ जुळवून घ्यायला.

असं करत घड्याळ एकेक ठिपका नोंदवतं, ठिपके जोडून रेघ काढतं आणि त्या रेघेची लांबी तुम्हाला अंतर म्हणून दाखवतं. ठिपके दोन-चार मीटर इकडेतिकडे सरकले की रेघ नागमोडी होते आणि अंतर वाढतं. बॅटरी वाचवायला ठिपके विरळ घेतले की वळणं कापली जातात आणि अंतर घटतं. तुमची आणि मैत्रिणीची तफावत बहुधा यातूनच आली असणार.

ठिपके सरकण्याचं मोठं कारण म्हणजे सिग्नल उंच इमारतींवर किंवा कड्यांवर आपटून उशिरा पोचणं. घड्याळाला वाटतं, उपग्रह आणखी लांब आहे. यावर तोडगा म्हणून हल्ली ‘ड्युअल बँड’ घड्याळं आली आहेत. ती १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या एल१ या नेहमीच्या सिग्नलसोबत ११७६.४५ मेगाहर्ट्झचा एल५ सिग्नलही घेतात. एल५ची रचनाच अशी आहे, की थेट आलेला सिग्नल आणि आपटून आलेला सिग्नल वेगळे ओळखणं सोपं जातं. तुमचा रोजचा रस्ता उंच इमारतींमधून जात असेल तर यासाठी जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही. मोकळ्या मैदानात किंवा रुंद रस्त्यावर पळत असाल तर साधं घड्याळ तुम्हाला पुरून उरेल.

आता निवड. गार्मिन, पोलार, सुंटो, कोरोस या पळणाऱ्यांसाठी घड्याळं करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्यापैकी कुणाचंही सुरुवातीच्या श्रेणीतलं मॉडेल घ्या, पण मनगटावर बांधून तीन गोष्टी स्वतः बघा. बटण दाबता येतं का? घामेजल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही, त्यामुळे लॅपसाठी, म्हणजे पळण्याचा एकेक टप्पा नोंदवायला, खरं बटण हवंच. उन्हात उभं राहून आकडे वाचता येतात का? ४६व्या वर्षी जवळचं बघायला चष्मा लागत असेल तर पळताना तो डोळ्यांवर नसणार, म्हणून एका पडद्यावर तीनच आकडे, पण मोठे, असं करता येतं का तेही बघा. आणि घड्याळ हलकं आहे का? जड घड्याळ पळताना मनगटावर नाचतं. नकाशे, गाणी, घड्याळावरून फोन घेणं, यातलं काहीच तुम्हाला हाफ मॅरेथॉनसाठी लागणार नाही.

पडद्यावर क्षणाक्षणाचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ठेवू नका. तो आता ५:४० तर लगेच ६:३० असा उड्या मारतो आणि आपण उगाच त्याच्या मागे धावतो. ‘लॅप पेस’ ठेवा, म्हणजे चालू किलोमीटरची सरासरी दिसेल. निघण्याआधी मोकळ्या आकाशाखाली थांबा आणि जीपीएस तयार झाल्याची खूण आली की मगच सुरू करा. उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती यायलाच साधारण अर्धा मिनिट लागतो. फोनशी जोडलेल्या घड्याळाला ती आधीच मिळालेली असते, म्हणून निघण्यापूर्वी घड्याळ सिंक करायची सवय लावा.

शर्यतीच्या दिवसाचंही आत्ताच सांगून ठेवते. प्रमाणित मार्ग हा वळणांवर शक्य तितक्या आतल्या रेघेने मोजतात, आणि तो कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जादा धरतात. हाफ मॅरेथॉनच्या २१.०९७५ किलोमीटरला तो सुमारे २१ मीटर होतो. गर्दीत आपल्याला ती आतली रेघ मिळत नाही. तुमच्या घड्याळात २१.३ किंवा २१.४ दिसेल, आणि घड्याळातला पेस खऱ्यापेक्षा चांगला भासेल. त्यावर विसंबून वेळ ठरवली तर शेवटचे दोन किलोमीटर फार जड जातात. म्हणून आपोआप लॅप बंद करा आणि रस्त्यावरचा प्रत्येक किलोमीटरचा फलक आला की स्वतः बटण दाबा.

प्रश्न : मी दोन-दोन दिवसांच्या डोंगरवाटा चालतो. घड्याळाच्या खोक्यावर ४० तास लिहिलं होतं, प्रत्यक्षात पंधरा तासांतच मान टाकली. शिवाय मुक्कामाच्या जागी रात्री झोपताना एक उंची आणि सकाळी उठल्यावर ४० मीटर जास्त. नवीन घेताना काय बघू?

उत्तर : खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा सगळ्यात काटकसरीच्या सेटिंगचा असतो. तुम्हाला हवा तो आकडा म्हणजे सेकंदाला एक ठिपका आणि सगळ्या उपग्रह प्रणाली (जीपीएस आणि तिच्यासारख्या इतर) चालू असतानाचा. तो माहितीपत्रकात शोधा. थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि दोन वर्षांनी ती नवी राहत नाही, म्हणून तुमच्या सर्वांत लांब दिवसाच्या दुप्पट तास घ्या. चार्जिंग चालू असताना नोंद चालू राहते का, हेही विचारा. बऱ्याच जणांना हे भर वाटेवर कळतं.

उंचीच्या बाबतीत तुमचं घड्याळ बरोबर वागलं. त्यात हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर आहे. कमी उंचीवर साधारण ८ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) घटतो. घड्याळ मोजतं तो दाब, उंची ताडतं. तुम्ही झोपलेले असताना दाब ५ हेक्टोपास्कलने उतरला की त्याच्या हिशेबी तुम्ही ४० मीटर वर गेलात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते : एका जागी असताना उंची वाढत चालली तर हवा बिघडण्याची शक्यता धरा आणि सकाळचा बेत पुन्हा तपासा. माहीत असलेल्या उंचीवर, चालायला लागण्याआधी, ती उंची घड्याळात भरायची. बॅरोमीटरची भोकं माती-घामाने बुजतात. ती साध्या पाण्याने धुवा, टाचणी घालू नका.

नकाशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगितल्यावाचून राहवत नाही. काही घड्याळं कोऱ्या पडद्यावर नुसती आखलेली रेघ दाखवतात, काहींत खरा नकाशा असतो, समोच्च रेषांसकट, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांसकट. एकदा धुक्यात उतरताना मी वाट सोडून भरकटले. माझ्या त्या वेळच्या घड्याळात नुसती रेघ होती. ती म्हणत होती, वाट डावीकडे ३० मीटरवर. मी सरळ तिकडे निघाले. दहा-बारा पावलांवर गवत संपलं आणि पुढे काहीच दिसेना. एक दगड पुढे टाकला, तो बऱ्याच वेळाने खाली वाजला. वाट खरोखरच ३० मीटरवर होती, पण कड्याच्या तळाशी. मी आल्या पावली मागे फिरले आणि वाट जिथे सुटली होती तिथपर्यंत चढून गेले. डोंगरात जाणाऱ्याने समोच्च रेषा दाखवणारं घड्याळच घ्यावं, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. कागदी नकाशा तरीही पाठपिशवीत हवा. आणि पावसात टचस्क्रीन बंद करून ठेवा, ओल्या बाहीच्या स्पर्शानेही नोंद थांबते.

प्रश्न : वय २९. हळू पळतानाही घड्याळात ठोके १७० दाखवतात. व्हीओटू मॅक्सही ‘कमी’ म्हणतं. मला काही झालंय का?

उत्तर : आधी बोटांनी मोजा. एका थंड पहाटे माझ्या घड्याळातही १६८ आले होते, आणि मी तर सोबतिणीशी गप्पा मारत पळत होते. थांबले, दोन बोटं गळ्याला लावली आणि १५ सेकंद मोजले : ३१ ठोके. चारने गुणले, १२४. मग पडद्यावरचा पावलांचा वेग बघितला, मिनिटाला १६८. घड्याळ माझी पावलं मोजून त्यांनाच ठोके म्हणत होतं.

मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश टाकतो. रक्त तो शोषतं, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके ताडले जातात. थंडीत कातडीतलं रक्त कमी होतं, पट्टा सैल असला की हादरे वाढतात आणि पावलांचा ताल ठोक्यांवर मात करतो. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर, दोन बोटं कोपराकडे सरकवून, घट्ट बांधा. इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळणं, करणार असाल तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युत संकेत मोजतो. पोलारने १९८२ मध्ये बिनतारी पट्टा आणला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे आणि अजून त्याला तोड नाही. नवीन घड्याळ घेताना ते असा पट्टा जोडून घेतं का, एवढं विचारा.

व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते. खरा आकडा तोंडाला मुखवटा लावून प्रयोगशाळेत मोजतात. घड्याळ तो पेस आणि ठोक्यांवरून ताडतं, त्यामुळे ठोके चुकले की तोही चुकला. शिवाय घड्याळात कमाल ठोके ‘२२० वजा वय’ असे भरलेले असतील तर तुमच्या बाबतीत त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. बोटांनी मोजूनही हळू पळताना १७०च आले, किंवा छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल, तर घड्याळ बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा, पुढच्या पत्राची वाट बघू नका.

प्रश्न : लेक पहाटे एकटी पळते आणि रोजचा नकाशा अ‍ॅपवर टाकते. यात धोका आहे का?

उत्तर : हो, आहे. पळण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये लोकांच्या नोंदींचा जगभराचा एकत्रित नकाशा काढला, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यावरून लष्करी तळांच्या आतले पळण्याचे रस्ते ओळखता आले. एकट्या मुलीचा रोजचा नकाशा तर घराचं दार आणि वेळ दोन्ही सांगतो. तिला सुरुवात आणि शेवट झाकायला सांगा, नोंदी फक्त ओळखीच्यांना दिसतील असं करा. तिचं ठिकाण तुम्हाला थेट दिसण्याची सोय मात्र जरूर चालू ठेवा. बहुतेक घड्याळांत त्यासाठी फोन जवळ बाळगावा लागतो, तेव्हा तो तिने घरी ठेवू नये. आणि नवीन सेटिंग जुन्या नोंदींना लागू झालं का, ते तिच्या शेजारी बसून तपासा, नाहीतर मागच्या वर्षभराचे नकाशे तसेच उघडे राहतात.